फरक दिसला म्हणजे सिद्ध झाला का? जातगणना, उपवर्गीकरण आणि आकड्यांची कसोटी

येत्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी तसा निर्णय घेतला, १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली आणि देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली. त्याआधी १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची एकसदस्यीय समिती नेमली. खासगी क्षेत्रातील जातिभेदाचा प्रश्न तर कायमचाच आहे.

या तिन्ही विषयांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. दोन समाजगटांत जो फरक दिसतो, तो खरा आहे की योगायोगाचा? आणि खरा असेल, तर तो कशामुळे आहे?

आपल्या चळवळीत या प्रश्नाकडे दोन टोकांनी पाहिले जाते. आकडा आपल्या बाजूचा असेल तर तो लगेच व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि भाषणात येतो. आकडा गैरसोयीचा असेल तर तो मनुवाद्यांचा कट ठरतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत आपल्याविषयी शेकडो आकडे प्रसिद्ध होतील. त्यातले काही आपले हक्क मजबूत करतील, काही ते काढून घेण्यासाठी वापरले जातील. अशा वेळी भावनेपेक्षा कसोटी हाताशी असणे गरजेचे आहे. संख्याशास्त्रात ती शंभर वर्षांपासून आहे आणि ती समजायला गणिताची पदवी लागत नाही.

नाकाच्या मापाचा हिशेब

दोन समाजगटांची आकड्यांनी तुलना करणे हा आपल्यासाठी नवा विषय नाही. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगवेगळ्या जातींतील लोकांच्या नाकांची मापे घेतली. नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण आणि जातीचे सामाजिक स्थान यांचा मेळ बसतो, म्हणजे जात ही वंशातून आली, असा त्याचा दावा होता. अस्पृश्य हे वेगळ्या आणि हीन वंशाचे आहेत, हे मत त्यामुळे 'शास्त्रीय' वाटू लागले.

बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हा मुद्दा आकड्यांच्याच आधारे घेतला. वेगवेगळ्या प्रांतांतील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे त्यांनी शेजारी शेजारी मांडली. त्यासाठी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी केलेल्या विश्लेषणाचा त्यांनी उपयोग केला. ही मापे प्रमाण मानायची असतील, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हा त्यांचा निष्कर्ष होता. अस्पृश्यतेचे मूळ वंशात शोधता येत नाही, ते इतिहासात आणि समाजव्यवस्थेत शोधावे लागते, अशी त्यांची मांडणी होती. आज वंशशास्त्रच मोडीत निघाले आहे. पण बाबासाहेबांची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. समोरच्याच्या हातातला आकडा त्यांनी नाकारला नाही. तो नीट तपासला आणि तो आकडा समोरच्याच्या दाव्याला साथ देत नाही, हे दाखवले.

पुण्याशी जोडलेले एक उदाहरणही इथे आठवते. डेक्कन कॉलेजमध्ये पुढे आयुष्यभर काम केलेल्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला संशोधनासाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे नाझींच्या वंशवादाला 'शास्त्राचा' आधार पुरवणाऱ्यांपैकी एक होते. युरोपीय माणसाची कवटी इतरांपेक्षा अधिक असममित असते आणि त्याचा संबंध त्याच्या बुद्धीशी आहे, असे त्यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. युरोपीय आणि युरोपबाहेरच्या कवट्यांत असा फरक आढळत नाही, असेच त्यांनी प्रबंधात लिहिले. मार्गदर्शकाला हवे ते उत्तर आले नाही, तरी आकडे वाकवले गेले नाहीत. 'फरक सापडला नाही' हा निष्कर्षही किती मोलाचा असू शकतो, हे यावरून कळते.

दोनशे चिठ्ठ्यांची कसोटी

आता मूळ कसोटी समजून घेऊ. खालचे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत, ते कुठल्या पाहणीतले नाहीत.

समजा, पुण्यातल्या खासगी कंपन्यांकडे सारख्याच शिक्षणाचे आणि अनुभवाचे २०० अर्ज पाठवले. १०० अर्जांवर सवर्ण समजले जाणारे आडनाव होते, १०० अर्जांवर बौद्ध समाजात आढळणारे आडनाव होते. पहिल्या गटातील २० जणांना मुलाखतीचे बोलावणे आले, दुसऱ्या गटातील १४ जणांना. २० टक्के विरुद्ध १४ टक्के. हा भेदभाव म्हणायचा का?

बहुतेक कार्यकर्ते लगेच 'हो' म्हणतील. कंपनीचा माणूस म्हणेल, 'सहा जणांचा फरक काय, योगायोगाने पडला असेल.' दोघांचाही दावा तपासायचा एक सोपा मार्ग आहे. घटकाभर कंपनीवाल्याचे म्हणणे मान्य करा. आडनावाचा काही संबंध नाही असे धरा. म्हणजे बोलावणे आलेले ३४ आणि न आलेले १६६ अर्ज नुसतेच दोन ढिगांत वाटले गेले आहेत. मग २०० चिठ्ठ्या करा. ३४ चिठ्ठ्यांवर 'बोलावले' लिहा, १६६ वर 'नाही' लिहा. मडक्यात टाकून हलवा आणि डोळे मिटून शंभर-शंभरचे दोन ढीग करा. दोन ढिगांतील 'बोलावले' चिठ्ठ्यांचा फरक लिहून ठेवा. हे पुन्हा पुन्हा करा.

असे केले तर साधारण दर तीन वेळांपैकी एकदा सहा किंवा त्याहून जास्त फरक निव्वळ चिठ्ठ्यांच्या वाटपातून पडतो. म्हणजे एवढ्या पुराव्यावर कंपनीवाल्याचा 'योगायोग' खोडून काढता येत नाही.

आता तीच टक्केवारी ठेवा, पण अर्ज दहापट करा. दर गटात १००० अर्ज, एका गटातील २०० जणांना बोलावणे, दुसऱ्या गटातील १४० जणांना. पुन्हा तेच २० टक्के आणि १४ टक्के. पण आता २००० चिठ्ठ्यांचा खेळ दहा हजार वेळा केला, तर एवढा फरक योगायोगाने जेमतेम चार-पाच वेळा पडेल. आता 'योगायोग' म्हणणाऱ्याची बाजू टिकत नाही.

टक्केवारी तीच, निष्कर्ष वेगळा. म्हणून नुसती टक्केवारी सांगणारी पोस्ट अर्धवट असते. किती जणांपैकी, हे कळल्याशिवाय तिची किंमत ठरत नाही.

संख्याशास्त्राच्या भाषेत 'फरक नाही' या सुरुवातीच्या धारणेला शून्य गृहीतक म्हणतात. ती धारणा खरी असती तर इतका किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता किती, या आकड्याला पी-मूल्य म्हणतात. ते पाच टक्क्यांच्या खाली गेले की फरकाला 'लक्षणीय' म्हणण्याची प्रथा आहे. ही पाच टक्क्यांची रेघ माणसांनी सोयीसाठी ओढलेली आहे, तो निसर्गनियम नाही.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. 'फरक लक्षणीय नाही' याचा अर्थ 'फरक नाही' असा होत नाही. अॅट्रॉसिटीच्या खटल्यांचा अनुभव असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. पुराव्याअभावी आरोपी सुटला म्हणजे घटना घडलीच नाही, असे नसते. पुरावा पुरेसा गोळा झाला नव्हता, एवढेच ठरते. छोट्या पाहणीत फरक 'लक्षणीय' निघाला नाही, म्हणून कुणी 'पुण्यात जातिभेद नाही' असे छापले तर ते चुकीचे आहे. तसेच एका छोट्या पाहणीवरून आपण 'भेदभाव सिद्ध झाला' म्हटले तर तेही चुकीचे आहे.

आडनावाची किंमत

अशी कसोटी प्रत्यक्षात लावणारे महत्त्वाचे काम आपल्याच माणसाने केले आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. सुखदेव थोरात यांनी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांच्यासोबत केलेला अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. तुलनेसाठीच्या अर्जांत पात्रता सारखी होती, नावे मात्र वेगळी होती. काही नावे सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लिम.

निकाल असा आला की सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाचा ऑड्स रेशो ०.६७ आणि मुस्लिम नावाचा ०.३३ होता. ऑड्स म्हणजे बोलावणे येणे आणि न येणे यांचे परस्पर प्रमाण. हे प्रमाण सवर्ण नावासाठी तीन धरले, तर दलित नावासाठी दोन आणि मुस्लिम नावासाठी एक. हा फरक योगायोगाच्या कसोटीवर टिकला.

या अभ्यासाची ताकद फक्त अर्जांच्या संख्येत नाही. एरवी भेदभावाचा आरोप केला की उत्तर ठरलेले असते. 'त्यांचे इंग्रजी कच्चे असेल', 'कॉलेज साधे असेल', 'अनुभव कमी असेल'. इथे संशोधकांनी या सगळ्या गोष्टी सारख्या ठेवल्या होत्या. बदलले होते ते फक्त नाव. त्यामुळे बोलावण्यात फरक पडला तर त्याचे कारण नावाखेरीज दुसरीकडे शोधायला जागा उरत नाही. अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुल्लईनाथन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अशाच प्रयोगात गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या नावांना काळ्यांच्या समजल्या जाणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली होती.

पण इथेच थांबून चालणार नाही. दिल्ली परिसरातील आणखी एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी, मारियान बर्ट्रांड, सौगातो दत्ता आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या नोकऱ्यांसाठी असेच अर्ज पाठवले. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत त्यांना सवर्ण आणि इतर जातींच्या नावांत भेदभावाचा पुरावा मिळाला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र सवर्णांच्या बाजूने फरक दिसला. तो ओबीसी नावांच्या बाबतीत ठळक होता, अनुसूचित जातींच्या नावांच्या बाबतीत त्याहून कमी.

हा दुसरा अभ्यास आपल्या भाषणांत सहसा येत नाही. तो यायला हवा. हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्यात काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी त्यातला प्रश्न महत्त्वाचा आहे. जिथे कौशल्य कागदावर मोजता येते तिथे आडनावाचे वजन कमी होते का, आणि जिथे बोलणे-चालणे, 'आमच्यासारखा वाटतो का' हे पाहिले जाते तिथे ते वाढते का? शिवाय अशा प्रयोगातून फक्त पहिला दरवाजा मोजला जातो. मुलाखतीत काय होते, पगार किती ठरतो, बढती कुणाला मिळते, हे त्यात येत नाही. दोन अभ्यासांचे निकाल वेगळे आले म्हणजे एक खरा आणि दुसरा खोटा असे नसते. दोघांनी मोजलेल्या नोकऱ्याच वेगळ्या होत्या.

कुणाची तुलना कुणाशी?

योगायोगाचा प्रश्न सुटला तरी दुसरा प्रश्न उरतोच. आपल्याकडे सर्वाधिक फिरणारा आकडा घेऊ. २०११ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता ८१.३ टक्के होती आणि अनुसूचित जातींची ६६.१ टक्के. पंधरा टक्क्यांचा हा फरक धम्मक्रांतीचे फळ म्हणून सांगितला जातो.

जनगणना म्हणजे नमुना पाहणी नव्हे, सगळ्यांची मोजणी. त्यामुळे इथे नमुन्याच्या योगायोगाचा प्रश्न नाही. फरक आहेच. पण तो कशाचा आहे? २०११ मध्ये देशातील ८४.४ लाख बौद्धांपैकी ६५.३ लाख, म्हणजे ७७ टक्के, महाराष्ट्रात होते. महाराष्ट्राची एकूण साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे होती, देशाची सुमारे ७३. याचा अर्थ बौद्धांची देशपातळीवरची साक्षरता ही बऱ्याच अंशी महाराष्ट्राची साक्षरता आहे. अनुसूचित जातींच्या आकड्यात मात्र बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान सगळे येते. महाराष्ट्रातील बौद्धांची तुलना महाराष्ट्रातील अनुसूचित जातींशी केली, तर सुमारे ८३ विरुद्ध सुमारे ८० टक्के असे चित्र दिसते. पंधराचा फरक तीन-साडेतीनवर येतो. त्यातही महाराष्ट्रातील अनुसूचित जातींत बौद्ध स्वतःच मोठ्या संख्येने मोजलेले आहेत.

यामुळे धम्मक्रांतीचे महत्त्व कमी होत नाही. पाण्यालाही हात लावू न दिलेला समाज दोन-तीन पिढ्यांत राज्याच्या सरासरीच्या पुढे जातो, हे यश पुरेसे मोठे आहे. ते सांगण्यासाठी चुकीच्या तुलनेचा टेकू लागत नाही. उलट तो टेकू कुणी काढून घेतला, की त्यासोबत खरे यशही संशयात सापडते.

अंश एकीकडचा, छेद दुसरीकडचा

याच प्रश्नाचे सर्वांत गंभीर रूप उपवर्गीकरणात दिसते. 'अनुसूचित जातींचे सगळे फायदे बौद्धांनी घेतले' हा दावा आपण सगळ्यांनी ऐकला आहे. तो नुसता राजकीय म्हणून झटकून टाकण्यापेक्षा तपासला पाहिजे. मातंग, चर्मकार, मेहतर आणि इतर जातींतील बांधवांचा मागे राहिल्याचा अनुभव खोटा आहे, असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण ज्या आकड्यांवर निर्णय होणार, ते नीट मोजले जावेत असे म्हणण्याचा अधिकार सगळ्यांनाच आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींची संख्या १,३२,७५,८९८ होती. त्यात धर्माने बौद्ध म्हणून नोंदलेले ५२,०४,२८४. पण राज्यातील एकूण बौद्ध ६५,३१,२००. म्हणजे १३ लाख २७ हजारांच्या आसपास बौद्ध अनुसूचित जातीत मोजलेलेच नाहीत. ही संख्या राज्यातील एकूण अनुसूचित जातींच्या दहा टक्क्यांइतकी आहे. त्यात काही आदिवासी असतील, काही बाहेरच्या राज्यांतून आलेले असतील, काही इतर समाजांतून धम्मात आलेले असतील. 'आम्ही बौद्ध झालो, आता जात कशाला सांगायची' या भूमिकेतून जातीचा रकाना रिकामा ठेवणारेही असतील.

आता नोकऱ्यांचा हिशेब पाहा. सरकारी नोकरीत लागताना हाच माणूस जातीच्या दाखल्यावर लागतो, कारण १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. म्हणजे नोकरीतल्या संख्येत तो 'महार' किंवा 'बौद्ध, अनुसूचित जाती' म्हणून मोजला जातो. पण लोकसंख्येच्या आकड्यात त्याची किंवा त्याच्या घरच्यांची गणना अनुसूचित जातीत झालेली नसू शकते. अंश एका नोंदवहीतला आणि छेद दुसऱ्या नोंदवहीतला. छेद लहान झाला की वाटा फुगलेला दिसतो. अशी तुलना झाली तर फरक कितीही 'लक्षणीय' निघो, तो निष्कर्ष पक्का म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण जोड्यांची आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. प्रत्येक जातीची दुसऱ्या प्रत्येक जातीशी तुलना केली तर १,७११ जोड्या होतात. नमुना पाहणी करून प्रत्येक जोडीला पाच टक्क्यांची कसोटी लावली, तर कुठेच खरा फरक नसतानाही ८५ च्या आसपास जोड्यांत फरक 'लक्षणीय' निघेल. त्यातली हवी ती जोडी उचलून मथळा करणे कुणालाही जमते. म्हणून कोणत्या तुलना करायच्या, हे आकडे हाती येण्याआधी जाहीर झाले पाहिजे.

तिसरी बाब वयाची. आज निवृत्तीला आलेले कर्मचारी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लागले. त्यांची संख्या मोजून आजच्या तरुणांबद्दल निर्णय घ्यायचा की गेल्या दहा वर्षांतील भरती पाहायची? दोन्हींची उत्तरे वेगळी येऊ शकतात. समितीने कोणते वयोगट, कोणत्या श्रेणीची पदे आणि कोणती लोकसंख्या पायाभूत धरली, हे विचारणे म्हणजे उपवर्गीकरणाला आडवे जाणे नव्हे. नीट मोजल्यावरही एखादी जात मागे राहिल्याचे दिसले, तर ते मान्य करण्याची तयारी आपल्यात हवी. कसोटी दुसऱ्यांच्या दाव्याला एक आणि आपल्या दाव्याला दुसरी, असे करता येत नाही.

नमुना लहान, दावा मोठा

जनगणनेखेरीज आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसारखे मोठे स्रोत आहेत. त्यात बौद्ध किंवा नवबौद्ध अशी स्वतंत्र नोंद असते. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ३१ हजार कुटुंबे होती. बौद्धांचे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास धरले, तर राज्यभरातून दोन हजारांच्या आत-बाहेर बौद्ध कुटुंबे येतात. राज्यपातळीवरच्या तुलनेसाठी ती पुरेशी आहेत. पण ३६ जिल्ह्यांत विभागली तर सरासरी जिल्ह्याला पन्नासेक कुटुंबे.

पन्नास कुटुंबांवरून एखाद्या गोष्टीचे प्रमाण ३० टक्के निघाले, तर खरे प्रमाण १७ ते ४३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. शिवाय अशा पाहणीत आधी गावे आणि वॉर्ड निवडतात, मग त्यातली घरे. एकाच वस्तीतील घरे एकमेकांसारखी असतात, त्यामुळे अनिश्चितता आणखी वाढते. म्हणून 'अमुक जिल्ह्यात बौद्ध मुलांचे कुपोषण इतके टक्के' असा आकडा अशा पाहणीतून काढून कुणी दिला, तर आधी विचारावे, किती घरांवरून?

पुण्यातील वस्त्यांत युवक मंडळे पाहणी करतात तेव्हाही हेच घडते. येरवडा, ताडीवाला रोड, जनता वसाहत अशा ठिकाणी ओळखीच्या घरांत फॉर्म भरून घेतले जातात. ओळखीची घरे म्हणजे चळवळीशी जोडलेली घरे. अशा घरांवरून सगळ्या वस्तीबद्दल बोलता येत नाही. फॉर्म कितीही वाढवले तरी निवडीतला हा दोष जात नाही.

पुण्यातून काय करता येईल?

दोन मागण्या आणि एक काम.

पहिली मागणी बार्टीकडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे. थोरात-अॅटवेल यांच्या धर्तीवर पुणे आणि मुंबईतील खासगी नोकऱ्यांसाठी व भाड्याच्या घरांसाठी आडनावाची तपासणी तिने हाती घ्यावी. महाराष्ट्रात आडनावावरून जात ओळखण्याची सवय खोलवर आहे. भाड्याचे घर शोधताना 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न आपल्यातील बहुतेकांनी ऐकलेला आहे. या अनुभवाला मोजलेल्या पुराव्याची जोड मिळाली, तर खासगी क्षेत्रासाठी भेदभावविरोधी कायद्याची मागणी वेगळ्या वजनाने मांडता येईल. हे काम मंडळाच्या पातळीवर होण्याजोगे नाही. २० आणि १४ टक्क्यांमधला फरक खात्रीने पकडायचा, तर दर गटात सुमारे सहाशे अर्ज लागतात.

दुसरी मागणी बदर समितीकडे आणि राज्य सरकारकडे. उपवर्गीकरणासाठी वापरलेली मूळ आकडेवारी, तिची व्याख्या आणि तुलनेची पद्धत सर्वांसाठी खुली करावी. न्यायालयाने उपवर्गीकरणासाठी ठोस आकडेवारीची अट घातली आहे. ती आकडेवारी तपासता आली नाही, तर अट पाळली गेली की नाही हे कळणार कसे?

काम आपले आहे. जनगणनेत धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात दाखल्यावरची अनुसूचित जात, दोन्ही नोंदवली जाईल यासाठी घरोघरी बोलावे लागेल. जात लिहिणे म्हणजे ती मानणे, हा आक्षेप मी वस्त्यांत अनेकदा ऐकते. त्यामागची तळमळ खरी आहे. पण मोजणीतून बाहेर राहिलेल्या माणसाची वंचितताही मोजणीबाहेर राहते आणि त्याच्या वाट्याचा हिशेब दुसरेच कुणीतरी मांडते.

आपली मंडळे, विद्यार्थी संघटना आणि अभ्यासिका छोट्या पाहण्या करणार असतील, तर एवढे पाळावे.

१. प्रश्न आणि तुलनेचे गट आधी लिहून ठेवावेत. आकडे पाहून प्रश्न बदलू नये.
२. घरे ओळखीने न निवडता यादी करून चिठ्ठीने निवडावीत.
३. टक्केवारीसोबत मूळ संख्या नेहमी द्यावी.
४. दोन गटांतील शिक्षण, वय, वस्ती सारखी आहे का, ते पाहावे. नसेल तर तसे स्पष्ट लिहावे.
५. निकाल आपल्या अपेक्षेविरुद्ध आला तरी प्रसिद्ध करावा.

संख्याशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आणि शिकणारे विद्यार्थी पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या महाविद्यालयात आहेत. त्यात आपली मुलेमुलीही आहेत. महिन्यातून एका रविवारी विहारात त्यांना बोलवावे. मडके, दोनशे चिठ्ठ्या आणि एक फळा एवढे साहित्य पुरते.